एस्केप उलगडण्याआधी विचार, तो उभा कुठे आहे

हे वाचताना तुझा कोड शेजारी उघडा ठेव. तुझा स्कॅनर मी ओळ न् ओळ वाचला आहे, तेव्हा आज बोलणार मी आणि ऐकणार तू. ‘मॅडम, सगळ्या टेस्ट पास होतायत’ असं सुरू करू नकोस. त्या टेस्ट तूच लिहिल्या आहेस, आणि ज्यांची उत्तरं तुला आधीच ठाऊक होती तेवढेच प्रश्न तू स्वतःला विचारले आहेस.

काम काय दिलं होतं? जावास्क्रिप्टचा लेक्सिकल स्कॅनर जावामध्ये लिहायचा, आणि आयडेंटिफायरमधले युनिकोड एस्केप स्पेसिफिकेशनप्रमाणे हाताळायचे. तू काय केलंस? फाइल वाचल्या वाचल्या, एकही टोकन ओळखण्याआधी, सबंध सोर्सवरून एक रेग्युलर एक्स्प्रेशन फिरवलंस. जिथे बॅकस्लॅश, यू आणि चार हेक्स अंक दिसले तिथे ते काढून त्या जागी अक्षर बसवलंस, आणि वर कॉमेंट लिहिलीस, ‘एस्केप हाताळले’. याला हाताळणं म्हणत नाहीत. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात.

आता एकेक घे आणि कागदावर करून बघ. एका स्ट्रिंगच्या आत अवतरणचिन्ह हवं म्हणून कुणी बॅकस्लॅश यू ००२२ लिहिलं. त्यानं ते असं का लिहिलं? स्ट्रिंग तिथे संपू नये म्हणूनच ना? तू ते आधीच उलगडून ठेवलंस, स्कॅनरला खरंखुरं अवतरणचिन्ह दिसलं आणि स्ट्रिंग मध्येच तुटली. बॅकस्लॅश यू ०००ए म्हणजे नवी ओळ. स्ट्रिंगमध्ये ते एस्केप पूर्ण वैध आहे. तुझ्या हातून तिथे खरी नवी ओळ पडते आणि स्ट्रिंग अर्धवट राहिल्याची एरर येते. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये बॅकस्लॅश यू ००२बी लिहिलं तर त्याचा अर्थ ‘अधिकचं चिन्ह जसंच्या तसं जुळव’. तू उलगडल्यावर तेच चिन्ह ‘आधीची गोष्ट एक किंवा जास्त वेळा’ असा हुकूम झालं, आणि आधी काहीच नसलं तर सगळं एक्स्प्रेशनच अवैध ठरलं. स्ट्रिंगमध्ये लागोपाठ दोन बॅकस्लॅश आणि मग यू ००६१ आलं, तर पहिला बॅकस्लॅश दुसऱ्याला निष्प्रभ करतो आणि यू ००६१ ही साधी अक्षरं उरतात. तुझ्या कोडनं दुसरा बॅकस्लॅश पुढच्या पाच खुणांसकट उचलून नेला आणि पहिला एकटा पडून भलत्याच अक्षराला चिकटला. टेम्प्लेटवर स्ट्रिंग.रॉ लावणाऱ्याला लेखकानं टाइप केलेल्या सहाच्या सहा खुणा हव्या असतात. तुझ्या स्कॅनरपर्यंत त्या पोचतच नाहीत.

यातलं सगळ्यात वाईट मागे ठेवलं होतं. एका ओळीच्या कॉमेंटमध्ये बॅकस्लॅश यू ०००ए आहे. जावास्क्रिप्टसाठी तो कॉमेंटमधला मजकूर आहे, त्याला काही अर्थ नाही. तुझ्याकडे तिथे ओळ तुटते, कॉमेंट संपते आणि त्यापुढचा मजकूर प्रोग्रॅम म्हणून चालायला लागतो. जो कोड वाचणाऱ्याच्या डोळ्यांना कॉमेंट दिसतो तो तुझ्या स्कॅनरमधून जिवंत होऊन बाहेर पडतो. ही किरकोळ चूक नाही. यासाठी मी तुला नापास करू शकते.

तुझा बचावही मला माहीत आहे: जावा असंच करतं. हो, करतं. जावाच्या लँग्वेज स्पेसिफिकेशनचा विभाग ३.३ तेच सांगतो: युनिकोड एस्केप सगळ्यात आधी उलगडायचे, ओळी आणि टोकन नंतर. कोणताही जावा प्रोग्रॅम निव्वळ आस्कीमध्ये लिहिता यावा, हा त्यामागचा हेतू. तो निर्णय जावाचा आहे आणि त्याची किंमत जावा आजतागायत मोजतं आहे. जावाच्या कॉमेंटमध्ये कुणी विंडोजचा पाथ लिहिला आणि त्यात बॅकस्लॅशनंतर लहान लिपीतल्या यूनं सुरू होणारं ‘यूझर्स’ आलं, की कंपायलर अडतो. पण तुला तर जावाची नक्कलही जमलेली नाही. जावामध्ये बॅकस्लॅशच्या मागे लागून सम संख्येनं बॅकस्लॅश असतील, किंवा एकही नसेल, तरच तो एस्केप सुरू करू शकतो. तू मागे वळून पाहिलंच नाहीस. जावामध्ये यू एकाहून अधिक वेळा लिहिता येतो. तुझं एक्स्प्रेशन एकच यू ओळखतं.

आणि मला खरा राग कशाचा आला ते सांगते. गिटचा इतिहास मी पाहिला. तुझ्याच स्कॅनरच्या कॉमेंटमध्ये तू बॅकस्लॅश यू असं लिहिलं होतंस, पुढे हेक्स अंक नव्हते, आणि जावाच्या कंपायलरनं ‘इल्लीगल युनिकोड एस्केप’ म्हणून तुला थांबवलं. कॉमेंटमध्ये! भाषा तुझ्या कानाशी येऊन सांगत होती की माझ्याकडे एस्केप या पायरीवर उलगडतात, तू ज्या भाषेचा स्कॅनर लिहितो आहेस तिच्याकडे कुठे उलगडतात ते बघ. तू कॉमेंट पुसलीस आणि पुढे गेलास. एरर का आली हे न विचारता एरर घालवणं ही सवय आत्ता मोडली नाहीस तर जन्मभर तुझ्याबरोबर येईल.

जावास्क्रिप्टमध्ये युनिकोड एस्केपला चारच घरं आहेत: स्ट्रिंग, टेम्प्लेट, रेग्युलर एक्स्प्रेशन आणि आयडेंटिफायर. प्रत्येक घरचा कायदा वेगळा. कॉमेंट सोडल्या तर या चौघांबाहेर बॅकस्लॅश दिसला तर ती चूक आहे, दुसरं काही नाही. बॅकस्लॅश यू ००३बी लिहून अर्धविराम मिळत नाही, ००२० लिहून मोकळी जागा मिळत नाही. आयडेंटिफायरच्या घरचा कायदा एका वाक्यात मावतो: जे अक्षर त्या जागी उघडं लिहिता आलं असतं, तेच एस्केप करून लिहिता येतं. एस्केपनं अक्षराला नवा हक्क मिळत नाही. सीएसएसमध्ये उलट आहे, तिथे एस्केप करून नावाची सुरुवात अंकानंही करता येते. म्हणूनच ज्या भाषेचा स्कॅनर लिहितोस तिचं स्पेसिफिकेशन आधी वाचायचं असतं.

ब्रँचवरची दुसरी आवृत्तीही वाचली. तिथे रेग्युलर एक्स्प्रेशन काढलंस आणि उलगडणं आयडेंटिफायरच्या लूपमध्ये आणलंस. दिशा बरोबर. पण लूपमध्ये आणलंस म्हणजे मुख्य स्विचमध्ये बॅकस्लॅशची केस घातलीस का? नाही. नावाच्या मधोमध एस्केप आला तर तुझा स्कॅनर ओळखतो, नावाची सुरुवातच एस्केपनं झाली तर ‘अनपेक्षित चिन्ह’ म्हणून उठतो. पहिलं अक्षरही अक्षरच असतं.

चार हेक्स अंक वाचायला तू सबस्ट्रिंग काढून इंटिजर.पार्सइंट लावलंस, पाया सोळा देऊन. ते फंक्शन माणसांनी टाइप केलेले आकडे वाचण्यासाठी आहे. व्याकरण राबवण्याची जबाबदारी त्याच्यावर कुणीच टाकलेली नाही. चार खुणांमधली पहिली अधिकचं चिन्ह असली आणि पुढे ०६१ असलं, तरी ते ९७ काढून देतं. उणे चिन्ह असलं तर उणे ९७ देतं, आणि मग अपेंडकोडपॉइंटला तो आकडा दिल्यावर तुझा स्कॅनरच एक्सेप्शन फेकून पडतो. देवनागरी शून्यही ते निमूटपणे अंक म्हणून घेतं. या शेऱ्यांमध्ये मी आकडे देवनागरीत लिहिते आहे कारण मी मराठीत लिहिते आहे. सोर्समधल्या एस्केपमध्ये देवनागरी आकडे टाकले तर जावास्क्रिप्टच्या दृष्टीनं ती सरळ चूक आहे. तिथे फक्त आस्कीचे शून्य ते नऊ आणि ए ते एफ, लहान किंवा मोठ्या लिपीतले. हे तपासणारं फंक्शन तीन ओळींचं आहे, ते स्वतःच्या हातानं लिही. फाइल बॅकस्लॅश यू ०० वरच संपली तर सबस्ट्रिंग काय करते, तेही बघून ठेव.

महिरपी कंसाचा प्रकार २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत आला. त्यात अंक किती हे ठरलेलं नसतं. सुरुवातीला हवी तेवढी शून्यं चालतात, म्हणून ‘सहा अंकांपेक्षा जास्त नको’ ही तुझी अट चुकीची आहे. मर्यादा अंकांच्या संख्येवर नसून मूल्यावर आहे: १०एफएफएफएफ. आणि ती मर्यादा तू प्रत्येक अंकानंतर तपासायला हवीस, कंस बंद झाल्यावर नव्हे. नुसती सहाची अट काढशील आणि तपासणी शेवटी ठेवशील, तर एक, मग सहा शून्यं, मग ६१ अशा नऊ अंकांनी तुझा बत्तीस बिटांचा इंट उलटतो आणि हातात लहान लिपीतला ए पडतो. अवैध एस्केपमधून एक निरागस अक्षर. रिकामा कंसही एरर आहे.

आता मूळ गोष्टीकडे ये: उलगडल्यावर तपासणी. ‘किंमत’ हे नाव घे. जावास्क्रिप्टमध्ये ते चालतं, आणि चालायलाच हवं. त्यात पाच कोड पॉइंट आहेत: क ०९१५, ऱ्हस्व वेलांटी ०९३एफ, अनुस्वार ०९०२, म ०९२ई, त ०९२४. उघडं लिहिलेलं ‘किंमत’ तू एका फंक्शननं तपासतोस आणि एस्केपमधून आलेलं दुसऱ्या. दुसऱ्या वाटेवर कॅरेक्टर.इजलेटरऑरडिजिट आहे. युनिकोडच्या वर्गीकरणात वेलांटी अक्षर नाही आणि अंकही नाही, ती जोडचिन्ह आहे. अनुस्वार तसाच, हलन्त तसाच. तुझ्या स्कॅनरमध्ये एस्केप केलेलं ‘किंमत’ क वरच मोडतं. मराठी घरात वाढलेल्या मुलानं वेलांटी नाव तोडते असं मानणारा स्कॅनर लिहावा, याचं मला वाईट वाटलं. इंग्रजी नावांनीच टेस्ट केलीस, म्हणून दिसलं नाही.

दोन वाटा, दोन फंक्शनं, हीच चूक. अक्षर कोणत्याही वाटेनं येवो, परीक्षा एकच. कोड पॉइंट हातात आला की तो नावाच्या सुरुवातीला आहे की पुढे, एवढंच विचारायचं. सुरुवातीला असेल तर युनिकोडचा आयडी_स्टार्ट, किंवा डॉलर, किंवा अंडरस्कोर. पुढे असेल तर आयडी_कंटिन्यू, डॉलर, आणि शून्य रुंदीची दोन चिन्हं: २००सी आणि २००डी. वेलांटी, काना, हलन्त, देवनागरी अंक हे पुढे चालतात, सुरुवातीला नाही. म्हणून नावाच्या आरंभी बॅकस्लॅश यू ०९३ई, म्हणजे एकटा काना, ही एरर आहे. दंड ०९६४ विरामचिन्ह आहे. तो कुठेच चालत नाही.

उघड्या अक्षरांच्या वाटेवर तू कॅरेक्टर.इजजावाआयडेंटिफायरस्टार्ट लावलं आहेस. फंक्शनच्या नावात जावा आहे, ते वाचूनही तू ते जावास्क्रिप्टला लावलंस. जावामध्ये चलनचिन्हानं नाव सुरू करता येतं, म्हणून तुझा स्कॅनर रुपयाचं ₹ हे चिन्ह, जे २०१० मध्ये युनिकोडमध्ये आलं, नावाचं पहिलं अक्षर म्हणून स्वीकारतो. जावास्क्रिप्टमध्ये ते चालत नाही. त्याच्या जोडीचं इजजावाआयडेंटिफायरपार्ट तर दुर्लक्षणीय नियंत्रक चिन्हंही नावात घेतं, अगदी शून्य क्रमांकाच्या कोड पॉइंटपासून. एफईएफएफ, ज्याला आपण बीओएम म्हणतो, ते जावास्क्रिप्टमध्ये मोकळी जागा आहे; तुझ्याकडे ते आधीच्या नावाला चिकटून नाव बदलून टाकतं. दोन फाइली नुसत्या जोडल्या की असं बीओएम मधोमध येऊन पडतं, आणि मग ‘किंमत’ सापडत नाही म्हणून माणूस दिवसभर डोकं फोडतो, कारण स्क्रीनवर दोन्ही नावं सारखीच दिसतात. इजयुनिकोडआयडेंटिफायरपार्ट वापरून सुटशील असंही समजू नकोस, तेही ही दुर्लक्षणीय चिन्हं आत घेतं.

शिवाय या फंक्शनांचं उत्तर तुझ्या हातात नसतं, ज्या मशीनवर जावा बसवलं आहे तिच्या हातात असतं. मोडी लिपी युनिकोड ७.० मध्ये, २०१४ साली आली. जावा ८ मध्ये युनिकोड ६.२ आहे, जावा ९ मध्ये ८.०. म्हणजे मोडी अक्षरात लिहिलेलं एक नाव तुझा स्कॅनर एका मशीनवर नाकारणार आणि शेजारच्या मशीनवर स्वीकारणार, कोड तोच असताना. युनिकोडची डिराइव्ह्डकोअरप्रॉपर्टीज ही फाइल घे, तिच्यातून दोन तक्ते तयार कर, आवृत्ती तक्त्याच्या वर लिहून ठेव आणि बायनरी सर्च कर. आस्कीसाठी वेगळा छोटा तक्ता ठेव, बहुतेक नावं तिथेच निकालात निघतात. यात हुशारी लागत नाही, फक्त बसून करावं लागतं.

मोडीचा विषय निघालाच आहे तर सरोगेटही बघ. मोडी क चा कोड पॉइंट ११६०ई. चार अंकांत तो मावत नाही. स्ट्रिंगमध्ये तो डी८०५ आणि डीई०ई अशा दोन एस्केपनी लिहिता येतो, कारण स्ट्रिंग म्हणजे सोळा बिटांच्या एककांची रांग, दोन एककं शेजारी आली की जोडी होते. आयडेंटिफायरमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक एस्केप स्वतःच्या पायावर उभा राहून वैध असावा लागतो, आणि एकटा सरोगेट कधीच नावाचं अक्षर नसतो. तू मात्र स्ट्रिंगसाठी लिहिलेलं जोडी जुळवणारं फंक्शन नावासाठीही बोलावलंस. नावात मोडी क एस्केप करून हवा असेल तर महिरपी कंसच लागतो. उघडा लिहिलेला मोडी क मात्र जावाच्या स्ट्रिंगमध्ये दोन एककांचा असतो, तिथे कोडपॉइंटअ‍ॅटच वापरायचं, चारअ‍ॅट नाही. एस्केपची वाट आणि उघडी वाट, कोड पॉइंट हातात येईपर्यंत वेगळ्या; हातात आल्यावर एकच. हे एवढं तुला नीट कळलं तर निम्मा स्कॅनर आपोआप सुधारेल.

आता राखीव शब्द. इथे तू सगळ्यात जास्त घाई केलीस आणि इथेच सगळ्यात जास्त विचार लागतो.

‘व्हार’ हा कीवर्ड घे, इंग्रजी तीन अक्षरांचा. मधलं ए हे अक्षर कुणी बॅकस्लॅश यू ००६१ असं लिहिलं. तू नाव उलगडलंस, कीवर्डच्या हॅशमॅपमध्ये पाहिलंस, सापडलं, व्हारचं टोकन परत दिलंस. चूक. स्पेसिफिकेशन स्वच्छ सांगतं की कीवर्डच्या आत एस्केप चालत नाही. तुझ्या शेजारच्या ग्रुपनं उलट केलं: उलगडण्याआधीचा मजकूर हॅशमॅपमध्ये शोधला, तो सापडला नाही, म्हणून व्हार नावाचा एक साधा आयडेंटिफायर परत दिला. तेही चूक, कारण राखीव शब्दाचं नाव व्हेरिएबलला देता येत नाही, मग ते कसंही लिहिलेलं असो. बरोबर उत्तर दोघांकडेही नाही: तो कीवर्डही नाही आणि वैध व्हेरिएबलही नाही, ती सिंटॅक्स एरर आहे.

मग स्कॅनरनं तिथेच एरर फेकावी का? तेही नाही, आणि इथे तू मला ‘मग नक्की काय’ असं विचारणार. ऑब्जेक्टनंतर टिंब देऊन तेच एस्केप केलेलं व्हार प्रॉपर्टीचं नाव म्हणून लिहिलं, तर ते पूर्ण वैध आहे. ऑब्जेक्ट लिटरलमध्ये की म्हणून लिहिलं, तरी वैध. टिंबानंतर आहोत की वाक्याच्या सुरुवातीला, हे स्कॅनरला कळत नाही, पार्सरला कळतं. ‘लेट’, ‘स्टॅटिक’ आणि ‘यील्ड’ स्ट्रिक्ट मोडमध्ये राखीव, त्याबाहेर साधी नावं होऊ शकतात. मोडही पार्सरला कळतो. ‘असिंक’ तर राखीव नाहीच, पण त्यात एस्केप असला की पुढच्या फंक्शनला असिंक करण्याची ताकद त्याच्यात उरत नाही. तेव्हा स्कॅनरचं काम निकाल देणं नाही, पुरावा जपणं आहे. प्रत्येक नावासोबत उलगडलेलं मूल्य दे, सोर्समधली सुरुवात आणि शेवट दे, आणि ‘यात एस्केप होता’ अशी एक खूण दे. निकाल पार्सर देईल. अ‍ॅकॉर्न या पार्सरमध्ये नेमकी अशी एक खूण आहे. व्ही८ मध्ये एस्केप केलेल्या कीवर्डसाठी वेगळा टोकनप्रकारच आहे. कष्टाची माणसं हे सगळं करून बसली आहेत, त्यांचा कोड उघडा आहे, आणि तू तो एकदाही उघडला नाहीस.

हीच गोष्ट भाषेत इतरत्रही आहे. ‘यूज स्ट्रिक्ट’ या निर्देशात मधली मोकळी जागा एस्केप करून लिहिली, तर स्ट्रिंगचं मूल्य तेच राहतं, पण तो निर्देश राहत नाही, स्ट्रिक्ट मोड लागत नाही. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या शेवटच्या फ्लॅगमध्ये एस्केप आला तर एरर; तू फ्लॅग वाचायला आयडेंटिफायरचंच फंक्शन बोलावलंस आणि ती एरर गिळलीस. काय लिहिलं आणि त्याचा अर्थ काय, या दोन गोष्टी भाषा वेगळ्या धरते. तू पहिली फेकून दिलीस.

ती फेकल्याचा आणखी एक परिणाम. एस्केप करून लिहिलेलं ‘किंमत’ सोर्समध्ये तीस खुणांचं असतं, उलगडल्यावर पाच कोड पॉइंटचं. तू टोकनचा शेवट सुरुवातीत मूल्याची लांबी मिळवून काढतोस. त्या नावापुढच्या त्या ओळीतल्या प्रत्येक एररचा कॉलम पंचवीसनं चुकतो. एरर सांगणारा स्कॅनरच चुकीच्या जागी बोट दाखवत असेल, तर तो वापरणाऱ्याची तू दिशाभूल करतो आहेस.

‘असे एस्केप लिहितं कोण?’ हा प्रश्न तू वर्गात विचारला होतास आणि मुलं हसली होती. उत्तर ऐक. आउटपुट निव्वळ आस्कीत ठेवणारी टूल्स लिहितात. कुणी देवनागरीत नावं दिलेला प्रोग्रॅम अशा टूलमधून गेला की प्रत्येक नाव एस्केपच्या माळेसारखं बाहेर येतं, आणि ते तुझ्या स्कॅनरपुढे येऊन उभं राहतं. आणि लपवायचं असतं तो लिहितो. एखाद्या साइटनं वापरकर्त्याच्या स्क्रिप्टमध्ये ‘इव्हॅल’ हा शब्द शोधून तो बंद केला असेल, तर तो पहिलं अक्षर ००६५ असं एस्केप करून लिहितो. इव्हॅल कीवर्ड नाही, साधं नाव आहे, म्हणून ते वैध आहे आणि चालतं. मजकूर शोधणाऱ्या फिल्टरला ते दिसत नाही. ज्याचा स्कॅनर नीट उलगडतो त्यालाच दिसतं. तुझ्या मित्रांना मी नंतर बोलणारच आहे, पण हसण्यासारखा प्रश्न विचारलास तो तू.

एक शेवटचं, कारण यात तुझा हेतू चांगला होता आणि तरी चूक झाली. नाव उलगडल्यावर तू ते नॉर्मलायझरमधून एनएफसी करून घेतोस. कुणी सांगितलं? ‘दुसऱ्या’ हा शब्द घे. त्यातला अर्धा र तीन प्रकारे साठवता येतो: ऱ ०९३१ आणि हलन्त, र ०९३०, नुक्ता ०९३सी आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि शून्य रुंदीचं जोडचिन्ह २००डी. पडद्यावर तिन्ही एकसारखे. जावास्क्रिप्टच्या दृष्टीनं ही तीन वेगळी नावं आहेत, कारण तिथे कोड पॉइंटची रांग तीच असेल तरच नाव तेच. तुझ्या एनएफसीनं पहिली दोन एक झाली आणि तिसरं वेगळं राहिलं. म्हणजे भाषेचा नियमही पाळला गेला नाही आणि मराठी माणसाची अडचणही सुटली नाही. पायथन नावं एनएफकेसी करून घेतं, सी प्लस प्लस आता नावं एनएफसीमध्येच असावीत अशी सक्ती करतं. ते त्या भाषांचे निर्णय आहेत. पाहिजे तर पार्सरच्या पुढे एक इशारा दे की ही दोन नावं दिसायला सारखी आणि आतून वेगळी आहेत. तो इशारा मोलाचा ठरेल, मराठीत नावं देणाऱ्याला तर फारच. पण टोकनच्या मूल्याला हात लावायचा नाही.

पुढच्या प्रॅक्टिकलला येताना हे सगळं नव्यानं लिहून आण. जुन्या फाइलमध्ये ठिगळं लावून आणलीस तर परत पाठवीन. सुरुवात अशी कर: एस्केप नसलेल्या नावासाठी सरळ सोर्समधून तुकडा कापणारी जलद वाट, आणि बॅकस्लॅश दिसला की अक्षर न् अक्षर जमवणारी दुसरी वाट. कोड पॉइंट तपासणारं फंक्शन दोन्हींसाठी एकच. टेस्ट स्वतःच्या मनानं लिहू नकोस. टेस्ट२६२ हा जावास्क्रिप्टचा अधिकृत टेस्टसंच उतरवून घे आणि त्यातला आयडेंटिफायरचा फोल्डर आधी चालव. जी टेस्ट नापास होईल तिच्यासमोर स्पेसिफिकेशनचं कोणतं कलम मोडलं ते वहीत लिही, मगच कोडला हात लाव. ती वही मी कोडच्या आधी मागणार आहे.